धामण नर की मादी? शेपटीवरून ओळखायची रीत

धामण पिशवीत गेली, पिशवीच्या तोंडाला गाठ बसली, की सोसायटीच्या आवारात जमलेल्या गर्दीतून एक प्रश्न हमखास येतो. "नर होता की मादी?" पहिली काही वर्षं मला वाटायचं की लोकांना खरंच कुतूहल आहे. मग एका आजींनी खुलासा केला. "मादी असली तर तिचा नर शोधत येईल ना रे आज रात्री?" म्हणजे प्रश्न प्राणिशास्त्राचा नव्हताच, रात्रीच्या झोपेचा होता.

या प्रश्नाचं खरं उत्तर देता येतं का, आणि द्यायचं तर कशावरून, ते इथे सविस्तर लिहितो. धामण निवडली, कारण मुंबईत गोरेगाव, बोरिवली, पवई, मुलुंड या पट्ट्यात घराजवळ येणाऱ्या सापांत ती कायम पुढे असते. शिवाय तिच्या लिंगाबद्दल आपल्याकडे जितक्या थापा आहेत तितक्या दुसऱ्या कुठल्या सापाबद्दल नसतील.

त्यातली निम्मी चूक आपल्या व्याकरणाची आहे. मराठीने सापांची लिंगं आधीच वाटून टाकली आहेत. नाग तो, अजगर तो, धामण ती, घोणस ती, मण्यार ती आणि फुरसं बिचारं ते. या वाटणीतूनच "धामण म्हणजे नागाची मादी" ही समजूत रुजली असावी असं मला वाटतं. वास्तविक नाग आणि धामण ही वेगवेगळ्या कुळांतली मंडळी. नाग विषारी, धामण बिनविषारी. नागाची मादी नागच असते आणि तीही फणा काढते. धामणीतही नर असतात, मादीपेक्षा लांबलचक होणारे. त्यांनाही आपण "ती धामण" म्हणतो आणि या लेखातही तसंच म्हणणार आहे. भाषा बदलायची नाही, फक्त शेपूट बघायची.

सुरुवातीलाच एक अट

नर-मादी बघायची म्हणून साप पकडायचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली धामणीला संरक्षण आहे. हौसेखातर तिला पकडणं, घरात ठेवणं, तिच्यासोबत व्हिडिओ काढणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी धामण सहज हात लावू देणारी नाही. कोंडीत सापडली की गळा फुगवते, घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढते आणि चावते तेव्हा सोडायची घाई करत नाही. विष नाही, पण रक्त भरपूर येतं. त्यातून ती धामणच आहे याची खात्री तुम्हाला किती? फणा न काढलेला, पायरीखाली अर्धवट दिसणारा नाग आणि धामण यांत भल्याभल्यांची गल्लत होते.

म्हणून पुढच्या रीती मी दोन भागांत ठेवल्या आहेत. हात न लावता करायच्या त्या तुमच्यासाठी. हात लावून करायच्या त्या पशुवैद्यांच्या. त्या तुम्हाला माहीत असाव्यात एवढ्याचसाठी सांगतो.

शेपूटच का?

सापाची शेपूट नेमकी कुठून सुरू होते, इथेच बहुतेकांची गाडी अडते. साप म्हणजे सगळी शेपूटच, असा आपला समज. पण पोटाच्या बाजूने पाहिलं तर एक आडवी चीर दिसते. विष्ठा, अंडी, मिलन, सगळा व्यवहार तिथूनच होतो. पुस्तकात तिला अवस्करद्वार म्हणतात, सापांत काम करणारे सरळ व्हेंट म्हणतात. मीही व्हेंटच म्हणेन. व्हेंटच्या पुढे धड, मागे शेपूट.

नराला एक नाही, दोन जननेंद्रियं असतात. त्यांना हेमिपेनिस म्हणतात. एरवी ती उलट्या केलेल्या मोज्यांसारखी शेपटीच्या आत, व्हेंटच्या मागे डावी-उजवीकडे पडून असतात. मिलनाच्या वेळी त्यांतलं एकच बाहेर येतं. त्यांना परत आत ओढणारे स्नायूही तिथेच. एवढं सामान ठेवायचं तर जागा लागणार, म्हणून नराची शेपूट मुळाशी जाड आणि एकूण लांब असते. मादीला तिथे काही ठेवायचं नसतं, तिची शेपूट व्हेंटनंतर लवकर निमुळती होते आणि तुलनेने आखूड राहते.

बाकीच्या सगळ्या खुणा या एका कारणातून निघतात. म्हणून ते एकदा नीट डोक्यात बसवा.

पहिली रीत: पोटाकडून फोटो

वरून काढलेल्या फोटोचा इथे उपयोग नाही. पोटाची बाजू दिसायला हवी, आणि मुंबईत ती संधी वाटते तितकी दुर्मिळ नाही. तळमजल्याच्या खिडकीच्या जाळीवर धामण चढलेली असते. पार्किंगमधल्या काचेच्या दारापलीकडे ती वळवळत असते. सर्पमित्राने तिला पारदर्शक नळीत घेतलेलं असतं. अशा वेळी दोन-चार पावलं लांबूनच मोबाइल झूम करा. साप जितका सरळ असेल त्या क्षणाचा फोटो घ्या, कारण वेटोळ्यात कुठलंही माप खोटं निघतं.

आता फोटो मोठा करून व्हेंट शोधा. गळ्यापासून पोटावर रुंद आडवे पट्टे असतात, एका ओळीत एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे. व्हेंटवर शेवटचा पट्टा असतो आणि धामणीत तो तिरकस दुभंगलेला असतो. तिथून मागे एकेरी पट्टे संपतात आणि वेणी घातल्यासारखे जोडीजोडीचे खवले सुरू होतात. एकेरीची दुहेरी झाली, तिथे व्हेंट.

मग व्हेंटच्या मागच्या चार-पाच बोटांच्या पट्ट्याकडेच बघा. टोकाकडे बघू नका, टोक सगळ्यांचंच बारीक असतं. मी शिकवताना भाजी बाजाराची उपमा देतो. नराची शेपूट पडवळासारखी, बराच वेळ तीच जाडी धरून मग हळूहळू बारीक होणारी. मादीची गाजरासारखी, सुरुवातीलाच उतरणीला लागलेली. काही माद्यांत व्हेंटपाशी कंबर आवळल्यासारखी स्पष्ट खाच दिसते. ती दिसली की मला फारसा विचार करावा लागत नाही.

मापही घेता येतं. फोटोवर दोरा ठेवा किंवा फोन कॉम्प्युटरला जोडून मापा. व्हेंटपासून शेपटीच्या टोकापर्यंत किती आणि पूर्ण साप किती, हे काढा. धामणीची शेपूट एकूण लांबीच्या पाव भागाच्या आसपास किंवा थोडी जास्त भरते. नरात ती लांब बाजूला झुकते, मादीत आखूड बाजूला. पण मधे मोठा पट्टा असा आहे जिथे दोघंही सापडतात. म्हणून नुसत्या आकड्यावर निकाल देऊ नका. आकार आणि आकडा एकाच बाजूला बोट दाखवत असतील तरच बोला.

इथे सगळे फसतात

तुटलेली शेपूट ही सगळ्यात मोठी गोची. मुंगूस, मांजर, गाडीचं चाक, दाराची फट, कशानेही शेंडा जातो. सापाची शेपूट पालीसारखी परत येत नाही. शेंडा बोथट, जखम भरून गोल झालेला दिसला की लांबीचं माप रद्द. अशी धामण हटकून "मादी" म्हणून नोंदली जाते. माझ्या जुन्या वहीत निदान तीन नोंदी अशा आहेत ज्यांवर आज मी पैज लावणार नाही.

दुसरा घोळ पोटाचा. नुकताच मोठा उंदीर गिळलेली किंवा अंडी असलेली धामण व्हेंटच्या पुढे इतकी जाड असते, की मागची कुठलीही शेपूट एकदम बारीक भासते. अन्नाचा फुगवटा एकाच जागी, मध्यावर असतो. अंड्यांचा शरीराच्या मागच्या निम्म्यात लांबवर पसरलेला असतो, खवल्यांमधली कातडी ताणून दिसते. अंडी आहेत हे नक्की कळलं तर प्रश्नच मिटला. पण नुसतं "पोट दिसतंय" म्हणून मादी म्हणू नका.

तिसरा घोळ पिल्लांचा. पावसाळ्यात आणि त्यानंतर सापडणाऱ्या बारीक, डोळे वटारलेल्या पिल्लांमध्ये शेपटीचा आकार पाहून काहीही ठरवता येत नाही. तिथे गप्प बसावं.

दुसरी रीत: कात

ही माझी आवडती रीत, कारण यात साप हजरच नसतो. गॅरेजच्या कोपऱ्यात, कुंड्यांच्या मागे, पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात पूर्ण कात मिळाली तर तिची किंमत ओळखा. ती झाडून टाकू नका आणि पैशाच्या पाकिटातही ठेवू नका. कातीने बरकत येते असं म्हणतात, माझ्या पाकिटाला तरी अजून तसा अनुभव नाही.

कात ओठांपासून सुटत सुटत मागे उलटी होते, पायमोजा काढल्यासारखी. म्हणजे हातात आलेली कात बहुतेक वेळा आतली बाजू बाहेर असलेली असते. शेपटीचा भाग अनेकदा चुरगळून स्वतःतच अडकलेला असतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. म्हणून ओढाताण करू नका. पसरट ताटात कोमट पाणी घ्या, कात त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. ती मऊ पडली की काळ्या कागदावर किंवा काळ्या प्लास्टिकवर पोटाची बाजू वर येईल अशी पसरवा. काळ्यावर खवल्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. काम संपलं की हात साबणाने धुवा आणि ताट स्वयंपाकघरातलं नसेल तर उत्तम. सापांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

आधी ती धामणीची कात आहे ना, हे ठरवा. शरीराच्या मध्यावर, पोटाचे पट्टे सोडून, पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी तिरक्या रेषेत मोजा. धामणीत त्या सतरा भरतात. नागात त्याहून जास्त, वीसच्या वर. डोक्याचा भाग शाबूत असेल तर डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या जागेत धामणीला बहुधा तीन छोटे खवले दिसतात. नागात ती जागाच वेगळी असते, तिथे हे खवले नसतात. शेपटीजवळ गडद आडव्या पट्ट्यांची पुसट छटा कातीतही उतरलेली दिसते.

मग व्हेंटपासून मोजायला लागा. दुभंगलेला पट्टा सोडा. त्याच्या मागची पहिली जोडी म्हणजे एक. टाचणीने एकेक जोडी दाखवत जा, दर दहाव्या जोडीपाशी काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा. टोकाचा सुळक्यासारखा एकटा खवला मोजायचा नाही. तो शाबूत आहे ना, हे मात्र बघायचं, कारण तुटकी शेपूट इथेही दगा देते. एकदा मोजून विश्वास ठेवू नका. मी दोनदा मोजतो, आणि दुसऱ्यांदा टोकाकडून व्हेंटकडे.

धामणीत हा आकडा बहुधा शंभरच्या आगेमागे ते सव्वाशेच्या पलीकडे असा पसरलेला असतो. नागात तो साधारण पन्नास ते सत्तर, म्हणजे जात ओळखायलाही हा आकडा कामाला येतो. जास्त आकडा नराकडे झुकतो, कमी मादीकडे. मधल्या आकड्याला भाव देऊ नका. कात ताणली जाते, सापापेक्षा बरीच लांब होते, म्हणून तिच्यावर लांबीचं माप घेऊ नये असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. खवल्यांची संख्या मात्र ताणून वाढत नाही, हीच या रीतीची खरी ताकद. सापाचे खवले वयाप्रमाणे वाढतही नाहीत. पिल्लू जितके घेऊन जन्मतं तितकेच म्हातारपणी असतात. फोटोत न उलगडणारं पिल्लू कातीत थोडंफार बोलतं ते यामुळे.

कातीचा आणखी एक उपयोग प्रयोगशाळेत होतो. तिच्यातल्या पेशींतून डीएनए काढून लिंग तपासता येतं. माणसात नराची गुणसूत्रं वेगवेगळी असतात, एक्स आणि वाय. धामणीच्या कुळात पक्ष्यांसारखा उलटा प्रकार आहे, तिथे वेगळी जोडी मादीकडे असते. सोसायटीच्या वॉचमनच्या प्रश्नासाठी एवढ्या खर्चात पडायची गरज नाही.

तिसरी रीत: झुंज बघा

उन्हाळा सरता सरता, पावसाच्या तोंडावर, दोन धामणी एकमेकींना पिळा घालून अंगाचा पुढचा भाग उंच उभारतात. एकमेकींना जमिनीवर दाबतात, पुन्हा उभ्या राहतात. हे दहा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त चालतं. बघणारे "जोडी लागलीय" म्हणून हात जोडतात. त्यांच्यावर नवं कापड टाकून ते देव्हाऱ्यात ठेवायची प्रथाही आहे.

ती जोडी नसते. ते दोन नर असतात. जवळपासच्या मादीसाठी किंवा वर्चस्वासाठी कुस्ती चाललेली असते. चावाचावी सहसा नाही, फक्त कोण कुणाला खाली दाबतो एवढंच. खऱ्या मिलनात दोघं जमिनीलगत शांत पडलेले असतात, शेपट्या गुंतलेल्या, नर मादीच्या पाठीवरून हनुवटी फिरवत असतो. उभं राहून पिळा म्हणजे दोन्ही नर. मैदानात बघून देता येणारं इतकं ठाम उत्तर दुसरं नाही. कापड टाकू नका, त्याने दोघंही बिचकतात आणि कुस्ती अर्धी राहते.

ज्या सापांत अशी झुंज होते त्यांत नर मोठा होण्याकडे कल असतो, कारण मोठा जिंकतो. धामण त्यातलीच. उलट विहिरी-नाल्यांतल्या दिवडीत मादी मोठी. म्हणून "मोठा म्हणजे नर" हा नियम एका सापाचा दुसऱ्याला लावू नका. रंगाबद्दल तर बोलूच नका. पिवळी धामण मादी आणि काळसर नर, असं मला अनेकांनी छातीठोकपणे सांगितलंय. धामणीचा रंग पिवळसर, तपकिरी, राखाडी, काळपट कसाही असतो आणि त्याचा लिंगाशी संबंध नाही.

पशुवैद्यांच्या रीती

प्राणिसंग्रहालयात किंवा बचाव केंद्रात खात्रीने कळणं गरजेचं असतं. तिथे दोन पद्धती वापरतात.

पहिलीला पॉपिंग म्हणतात. अगदी लहान पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी अंगठ्याने हलका दाब देत व्हेंटकडे सरकवतात. नर असेल तर दोन लालसर टोकं बाहेर येतात. आलं तर नर नक्की. नाही आलं तर मादी नक्की असं मात्र नाही, पिल्लाने स्नायू आवळले असतील. मोठ्या सापात हा प्रकार करत नाहीत, इजा होते.

दुसरी प्रोबिंग. बोथट टोकाची, निर्जंतुक केलेली बारीक सळई, पाण्यात विरघळणारं वंगण लावून, व्हेंटच्या एका बाजूने शेपटीच्या दिशेने अलगद सरकवतात. जिथे ती आपोआप थांबते तिथपर्यंत शेपटीचे किती खवले झाले ते मोजतात. मादीत साधारण दोन ते चार, नरात सहा-आठ किंवा त्याहून जास्त. सोपं वाटतं, पण जोर लावला तर मादीतही सळई खोल जाते, आतली भिंत फाटते आणि जंतुसंसर्ग होतो. नराने शेपूट आवळली तर उलट खोटं "मादी" निघतं. घरी ब्रशची काडी वापरून हे करणाऱ्याला मी भेटलोय. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही, लिहिलं तर शिव्या येतील.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात गोफर स्नेक नावाचा साप आहे. त्याचं काम आपल्या धामणीसारखंच. बिळांत राहणारे गोफर नावाचे उंदरासारखे प्राणी आणि उंदीर खातो, बिनविषारी आहे आणि तरी विषारी समजून मारला जातो. धामणीला नाग समजतात, त्याला रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीने खुळखुळा वाजवणारा तिकडचा विषारी साप. चूक त्याच्या नाटकामुळेही होते. डोकं चपटं करतो, जोरात फुत्कारतो, वाळल्या पानांत शेपूट थरथरवून खुळखुळ्यासारखा आवाज काढतो. तिकडे लोक त्याला पाळतातही, त्यामुळे पॉपिंग-प्रोबिंगची बरीचशी चर्चा त्याच्यासारख्या पाळीव सापांवरून आलेली असते. त्याच्यातही पडवळ-गाजराचा नियम चालतो, रंग तिथेही काही सांगत नाही. फरक एवढाच की त्याचा व्हेंटवरचा पट्टा अखंड असतो, धामणीसारखा दुभंगलेला नाही. परदेशी व्हिडिओ बघून आपली धामण तपासणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अजगर आणि मांडूळ यांचं गणित निराळं. अजगराच्या व्हेंटच्या दोन्ही बाजूंना नखासारखे छोटे काटे असतात, पूर्वजांच्या मागच्या पायांचे अवशेष. नरात ते ठळक, मादीत बारीक. मांडुळाची शेपूट मुळातच आखूड आणि बोथट, म्हणून तर त्याला दुतोंड्या म्हणतात. तिथे आकाराचा नियम गुंडाळून ठेवा. मांडुळात मादी बरीच मोठी होते.

मेलेल्या सापाबद्दलही एक सांगतो. आरेच्या रस्त्यावर गाडीखाली आलेल्या नराच्या व्हेंटमधून दाबामुळे दोन्ही हेमिपेनिस बाहेर आलेली असतात, काटेरी, गुलाबी. त्याचा फोटो "सापाला पाय फुटले" म्हणून व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात फिरतो. तुमच्या ग्रुपवर आला तर सांगा, पाय नाहीत, नर आहे.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर

साप जोडीने संसार करत नाहीत. मिलन झालं की नर त्याच्या वाटेने, मादी तिच्या. डूख धरण्याइतकी आठवण त्यांना नसते. पण "दुसरा आला" हा लोकांचा अनुभव सरसकट खोटाही नाही. मिलनाच्या दिवसांत मादी जिथून जाते तिथे तिच्या अंगाचा गंध राहतो, आणि नर जीभ लपलपवत त्या मागावर येतात. म्हणजे त्या काळात मादी पकडून नेली तरी तिच्या वाटेवर एखादा नर उगवू शकतो, शोधत नाही, वास घेत. बाकीच्या महिन्यांत दुसरा साप आला तर कारण बहुधा उंदीर आणि उघडं कचऱ्याचं पिंप.

मादी अंडी घालताना आढळली, तरी नर शेजारीच असेल असं नाही. सापाच्या मादीला शुक्राणू काही काळ शरीरात साठवून ठेवता येतात.

नोंद ठेवत असाल तर वहीत तीन रकाने करा: नर, मादी, नक्की नाही. तारीख, जागा, लांबीचा अंदाज, शेंडा शाबूत होता का, आणि निर्णय कशावरून घेतला हेही लिहा. माझ्या वहीत तिसरा रकाना सगळ्यात लांब आहे.

आणि साप घरात असेल तर यातलं काहीच करू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. नर की मादी ते फोनवर कुणी विचारत नाही. साप शेवटचा कुठे दिसला, अंदाजे केवढा होता आणि लांबून त्याच्यावर नजर कोण ठेवून आहे, एवढं सांगा.